वीस पावलं बाजूला

मित्रांनो, आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतलं शेवटचं कपाट उघडलंत, तर तिसऱ्या कप्प्यात केस वाळवण्याच्या यंत्रासारखं काहीतरी काळं आडवं पडलेलं दिसेल. त्याच्या कवचाला डावीकडून तडा गेला आहे आणि तो तडा चिकटपट्टीने बांधला आहे. ती मी. मला स्पीड गन म्हणतात. बंदूक म्हणत असले तरी माझ्यातून गोळी सुटत नाही. मी फक्त बघते आणि जे दिसलं त्याचा आकडा सांगते.

मी कशी बघते, ते आधी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा चिरका वाटतो आणि दूर जाताना घोगरा होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मी डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडते. त्या चालत्या वस्तूवर आपटून परत येतात, तेव्हा त्यांच्यातही तसाच बदल झालेला असतो. त्या बदलावरून मी वेग काढते. एका सेकंदाच्या बाराव्या भागात माझं काम होतं. पडद्यावर लाल आकडा उमटतो, दहा सेकंद राहतो आणि विझतो. दशांश मी दाखवत नाही. वरचा अपूर्णांक टाकून देते. आठवण ठेवायची सोय माझ्यात नाही, असं माझ्या बनवणाऱ्यांचं म्हणणं. ते तितकंसं खरं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पेटीत माझ्यासोबत एक माहितीपुस्तिका होती आणि एक पोलादी नादकाटा. दोन शिंगांचा हा काटा रबरावर आपटून माझ्यासमोर धरला, की मी ऐंशी दाखवलं पाहिजे. तसं दाखवलं तर मी निरोगी.

माझी उमेदीची वर्षं पांढरकवड्याजवळ हमरस्त्यावर गेली. नागपूरहून हैदराबादला जाणारे ट्रक दिवसभर माझ्यासमोरून धावत. मला धरायचे हवालदार देवराव. ते बोरी अरबचे. त्यांनी माझी पुस्तिका तीनदा वाचली होती. नवीन शिपाई रस्त्यापासून लांब, झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून मला धरायला लागला, की ते ओरडायचे, "अरे, तिरपी कायले धरतं तिले? तिरपं पाह्यलं त वेग कमी दिसते. ती काय चाकं मोजून राह्यली का? जवळ येनं अन् दूर जानं, एवढंच तिले समजते. रेषेत उभा राह्य!"

माझी एवढी अचूक ओळख पुन्हा कोणाला झाली नाही. ट्रकवाले मला शिव्या देत, पण खोटी कोणी म्हणालं नाही.

पुढे नवी यंत्रं आली. देवराव निवृत्त झाले आणि मी भंगाराच्या ढिगात गेले. माझी पुस्तिका कोणीतरी चहा सांडलेला टेबल पुसायला वापरली. नादकाटा तेवढा पेटीत राहिला. एके दिवशी पुंडलिकरावांनी मला उचललं आणि यवतमाळला आणलं.

पुंडलिकराव म्हणजे कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आणि जिल्हा महिला टी-ट्वेंटी चषकाचेही अध्यक्ष. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागचं मैदान त्यांनी सपाट करून घेतलं होतं. सहा संघ, अठरा दिवस, वीस-वीस षटकांचे सामने. या हंगामाचं आकर्षण मी होते. नियम असा होता, की जी मुलगी माझ्या पडद्यावर ताशी शंभर किलोमीटर आणेल, ती नागपूरच्या निवड शिबिराला जाईल. दोघींनी आणलं, तर जिचा आकडा मोठा तिला ती जागा. शिबिर एकोणीस वर्षांखालच्या मुलींचं होतं आणि जिल्ह्यातून एकच जागा होती.

मला चालवायचं काम बादलकडे आलं. बादल तांड्यावरचा, त्यांच्या घरातला पहिला बी.एस्सी. कॉलेजच्या याच प्रयोगशाळेत तो तात्पुरता सहायक होता. दर जूनमध्ये त्याची नेमणुकीची ऑर्डर नव्याने निघे आणि तिच्यावर सही पुंडलिकरावांची असे. मुलगा काळजी घेणारा होता. रोज सामन्याआधी तो नादकाटा बुटाच्या रबरी तळव्यावर आपटायचा, माझ्या तोंडासमोर सरळ धरायचा आणि वहीत लिहायचा, "८०. बरोबर."

पहिल्या दिवशी तो मला घेऊन अगदी योग्य जागी उभा राहिला. विकेटच्या सरळ रेषेत, गोलंदाजाच्या यष्टींमागे चाळीस पावलांवर. पण तिथेच मागे मंच होता आणि मंचावर सोफे होते.

"ओ बादल," पुंडलिकराव वरून म्हणाले, "पाहुन्यायच्या डोळ्यासमोर काहून उभा राह्यला? फोटोत तुही पाठच येऊन राह्यली. हट तिकडं, माइकच्या टेबलापाशी."

माइकचं टेबल वीस पावलं बाजूला होतं. बादल निमूटपणे तिकडे गेला, मांडवाच्या खांबाला टेकला आणि मला पुन्हा खेळपट्टीकडे वळवलं. मित्रांनो, त्या वीस पावलांत मी खोटी झाले. मला हे कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

तुम्ही कागदावर काटकोन त्रिकोण काढून पाहा. सरळ अंतर चाळीस, बाजूचं वीस. चेंडू सरळ रेषेत जातो, मी तिरपी बघते, म्हणून त्याच्या वेगाचा काही भागच माझ्या वाट्याला येतो. या त्रिकोणात शंभरातले साडेदहा गळतात. चेंडू पलीकडच्या टोकाकडून सुटला, तर खेळपट्टीची बावीस पावलं मिळवून सरळ अंतर बासष्ट पावलांचं होतं, तिरपेपणा कमी होतो आणि शंभरातले पाचच गळतात. म्हणजे मी दोन्हीकडे खोटं बोलत होते, पण सारखं नाही.

लोहाऱ्याच्या संघात दोन जलद गोलंदाज होत्या. एक वैष्णवी, पुंडलिकरावांची पुतणी आणि संघाची कर्णधार. दुसरी सत्यशीला. तिचे वडील, उकंडा, वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक होते. येत्या मार्चमध्ये तिला एकोणीस पूर्ण होणार होती. हा तिचा शेवटचा हंगाम होता.

वैष्णवी नेहमी पलीकडच्या टोकाकडून, मंचाकडे तोंड करून धावत यायची. तसं पुंडलिकरावांनीच ठरवलं होतं. पाहुण्यांना पोरीचा चेहरा दिसला पाहिजे. उरलेलं, मंचाकडचं टोक सत्यशीलाला. ती पाहुण्यांकडे पाठ करून धावायची.

पहिल्या सामन्यात तिचा पहिला चेंडू यष्टिरक्षकाच्या हातमोज्यात इतक्या जोरात बसला, की मैदानाच्या कडेला चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. मी दाखवलं सत्त्याण्णव. त्याच षटकात एकदा अठ्ठ्याण्णव.

माइकवर हिरासिंग होता. सामना मजेदार करण्याचं काम त्याचं. "अठ्ठ्यान्नव! अरे बाप्पा, दोन कमी! घरून भाकर खाऊन नाई आली का बाई?" लोक हसले. तीही हसली.

दुसऱ्या सामन्यात सत्त्याण्णव. तिसऱ्यात नव्व्याण्णव. "नव्व्यान्नव!" हिरासिंग ओरडला, "चपलेच्या दुकानातला भाव लावला न पोरीनं! शंभर म्हनाले हिची जीभच वळत नाई!" त्या दिवसापासून मैदानात तिचं नाव नव्व्याण्णव पडलं. ती सीमारेषेवर उभी राहिली, की मागची पोरं एका सुरात मोजायची, "अठ्ठ्यान्नव... नव्व्यान्नव..." आणि पुढे गप्प व्हायची. ती शांतता हसण्यापेक्षा वाईट होती.

तिसऱ्या सामन्यानंतर ती बादलकडे आली. खांद्यावर टॉवेल, एक हात कमरेवर.

"बादलभाऊ, मशीन बरोबर आहे न?"

बादलने नादकाटा काढला, बुटावर आपटला, माझ्यासमोर धरला. "पाय. ऐंशीले ऐंशी. मशीन खोटं नाई बोलत ताई."

तिने वाकून माझा पडदा पाहिला. मी खरंच ऐंशी दाखवत होते. काटा माझ्या अगदी समोर होता ना! काट्याने माझी प्रकृती तपासता येते, माझी जागा नाही. हे त्या पुसून फेकलेल्या पुस्तिकेच्या सातव्या पानावर लिहिलेलं होतं.

"म्हंजे मीच कमी पडून राह्यली," ती म्हणाली.

यंत्रावर विश्वास ठेवणारी मुलगी होती ती. तिने अंपायरला दोष दिला नाही, वाऱ्याला दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दोन तास जास्त टाकायला लागली. वेग वाढवायला ती चेंडू सोडताना कंबर अजून पिळायला लागली. उरलेला एक किलोमीटर कुठून तरी काढायचा होता, तो ती पाठीच्या कण्यातून काढत होती. रक्षकाचा गणवेश घातलेले उकंडा ड्युटी संपवून यायचे, दोरीपाशी डबा घेऊन बसायचे. एकदा मी त्यांना म्हणताना ऐकलं, "कंबर दुखते त थांब न वं माय. एका आकड्यासाठी जीव देतं का?"

"एकच त राह्यला बाबा," ती म्हणाली. "एकच."

वैष्णवी मनाने वाईट नव्हती. चौथ्या सामन्यात ती म्हणाली, "सत्या, आज तू माह्या साइडनं टाक एखादी ओव्हर." तिकडून एक षटक पुरलं असतं. तिचा नेहमीचाच चेंडू मी एकशे चार दाखवला असता. पण मंचावरून निरोप आला, हिरासिंगने तो माइकवरच वाचला, "कॅप्टन, पाहुने आले आहेत, टोक बदलू नका." त्याच दिवशी वैष्णवीच्या चेंडूला मी शंभर दाखवलं. फटाके फुटले. संध्याकाळपर्यंत फाटकावर फलक लागला. वैष्णवीचा फोटो आणि खाली, "शंभरी पार करणारी यवतमाळची कन्या". नियम अजून कायम होता. सत्यशीलाने एकशे एक आणलं असतं, तर ती गेली असती. माझ्याकडून एकशे एक मिळवायला तिला खरा वेग एकशे तेरा लागला असता. तेवढा वेग मी त्या मैदानावर कोणाचाच पाहिला नव्हता.

उपांत्य सामन्याच्या दिवशी बोरी अरबहून एस.टी.ने देवराव आले. सहज, सामना बघायला. आता हातात काठी होती. माइकच्या टेबलापाशी येऊन त्यांनी मला पाहिलं आणि जुन्या बैलाच्या पाठीवर हात फिरवावा तसा माझ्यावर हात फिरवला. मग त्यांनी खेळपट्टीकडे पाहिलं, मंचाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"इथून?" ते म्हणाले. "पोरा, तू इथून मोजून राह्यला?"

"हो काका. रोज चेक करतो मी."

"चेक काय करतं लेका, ही तिरपी पाहून राह्यली! शिकेल-सवरेल मानूस न तू? त्रिकोन शिकला का नाई?"

बादल त्रिकोण शिकला होता. धावफलकाच्या कागदाच्या पाठीवर त्याने दोन मिनिटांत गणित मांडलं. चाळीसचा वर्ग, वीसचा वर्ग, वर्गमूळ, भागाकार. पहिल्या सामन्यातल्या अठ्ठ्याण्णवचे झाले एकशे दहा. मग त्याने वैष्णवीच्या शंभरचं केलं. ते झाले एकशे पाच. त्याने एकशे दहाच्या खाली दोनदा रेघ ओढली आणि कागद घेऊन मंचावर गेला. मी त्याच्या हातातच होते.

पुंडलिकरावांनी कागद पाहिला. समजला नाही असं त्यांनी दाखवलं नाही आणि रागावलेही नाहीत.

"बरोबर असन तुहं," ते म्हणाले. "पन फ्लेक्स लागला न बादल. पेपरात आलं, नागपूरले नाव कळवलं. आता मीच मशीन चुकीची होती म्हनू का?" मग जरा थांबून, अगदी मायेने, "फायनल होऊ दे. जूनमध्ये तुह्या ऑर्डरचं पन पाहू. अन् त्या पोरीले कायले सांगतं? उगाच मन खराब होईन तिचं."

बादल खाली आला. कागदाची चौकोनी घडी करून त्याने ती माझ्या पेटीत, नादकाट्याच्या खाली ठेवली. देवरावांना तो म्हणाला, "सांगितलं काका. करू म्हनते." देवराव समाधानाने बसले आणि दुपारच्या एस.टी.ने परत गेले.

अंतिम सामना दोन दिवसांनी होता. सत्यशीला आली तेव्हा पाऊल जपून टाकत होती. कमरेला रुंद पट्टा होता, त्यावर जर्सी. ती सरळ आमच्याकडे आली.

"बादलभाऊ, आज शेवटचं. मशीन बरोबर आहे न?"

मित्रांनो, मी यंत्र आहे. वाट बघणं म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. बादलने नादकाटा काढला. बुटावर आपटला. माझ्यासमोर धरला.

"ऐंशी," तो म्हणाला. "बरोबर आहे."

तिने मान हलवली आणि गेली.

शेवटचं षटक तिच्याकडे आलं. समोरच्या संघाला आठ धावा हव्या होत्या. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पोरं मोजायला लागली होती. हिरासिंगने माइक तोंडाला लावला होता, "चला, आज चपला स्वस्त होतात का महाग, पाहू!" नव्व्याण्णव. पाचव्याला पुन्हा नव्व्याण्णव, आणि ती वाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बराच वेळ तशीच राहिली. दोरीपाशी उकंडा उभे राहिले.

शेवटच्या चेंडूला चार धावा हव्या होत्या. ती धावत निघाली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. सोडण्याच्या क्षणी ती पाठ मुरगळलेल्या कपड्यासारखी पिळली गेली. चेंडू सुटला. मधली यष्टी उखडून मागे गडगडत गेली. आणि सत्यशीला चेंडू टाकलेल्या जागेपाशीच तोंडावर पडली होती. उठत नव्हती.

बादलच्या हातातून मी निसटले. तो मला टाकून तिच्याकडे धावला. मी खांबाच्या पायथ्याला आपटले, माझं कवच तडकलं आणि पडदा खाली जाऊन मी मातीत उपडी पडले.

पडद्यावर शंभर होते.

म्हणजे खरे एकशे बारा. त्या हंगामातला सर्वांत वेगवान चेंडू. दहा सेकंद मी तो आकडा मातीला दाखवला आणि विझले.

पुढचं मी फक्त ऐकलं. संघ जिंकल्याचा गलका. "काका, मैदानात येता येत नाई, मागं व्हा," असं कोणा स्वयंसेवकाने उकंडांना दरडावलेलं. "पोरगी आहे माही ते!" हा त्यांचा आवाज. आणि माइकवर हिरासिंग, ज्याला गप्प बसायची सवयच नव्हती, "बाईचा आकडा काही मिळाला नाई मंडळी. नव्व्यान्नवच धरून चाला!"

तिच्या मणक्याच्या हाडाला चीर गेली होती. तशी चीर एका चेंडूने पडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं पुढे बादल कोणालातरी सांगत होता. रोज थोडं थोडं हाड दमतं आणि मग एक दिवस तुटतं. वैष्णवी नागपूरला गेली. बादलची ऑर्डर जूनमध्ये निघाली. मला चिकटपट्टी लावून या कपाटात ठेवलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी प्रयोगशाळेत सत्यशीला आली. ती याच कॉलेजात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होती. पट्टा अजून कमरेला होता. त्रिकोणमितीचा तास नुकताच झाला असावा, कारण तिच्या वहीवर काटकोन त्रिकोण होता आणि त्याच्या बाजूंवर तिने चाळीस आणि वीस लिहिलं होतं.

"बादलभाऊ," ती म्हणाली, "त्या मशीनची पेटी पाहू देता का?"

बादलने कपाट उघडलं. नको म्हणायचं बळ त्याच्यात नव्हतं. तिने पेटी उघडली, काटा उचलला आणि खालची घडी उलगडली. आपल्या वहीशी ताडून पाहिली. उत्तर जुळत होतं. कागदाच्या दुसऱ्या बाजूला उपांत्य सामन्याचा धावफलक होता. तारीख त्यावर छापलेली.

"म्हंजे शंभर त पहिल्याच मॅचले झालते," ती हळूच म्हणाली.

तिने तारखेवर बोट ठेवलं.

"अन् तुमाले सेमीफायनलले समजलं."

"सत्यशीला, मी साहेबाले सांगतलं होतं..."

"फायनलच्या दिवशी म्या इचारलं होतं तुमाले."

तिने नादकाटा आपल्या बुटाच्या तळव्यावर आपटला. त्यासाठी तिला वाकता येत नव्हतं. तिने पाय हळूहळू वर घेतला, टेबलाचा आधार धरून. माझी कळ दाबली आणि काटा माझ्यासमोर सरळ धरला. तडकलेली असले तरी मी माझं काम केलं.

"ऐंशी," ती म्हणाली. "बरोबर आहे."

काटा तिने पेटीत ठेवला, कागद आपल्या वहीत ठेवला आणि सावकाश चालत निघून गेली. त्यानंतर बादलने हे कपाट उघडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, दवाखान्यात, दुकानात माझे भाऊबंद असतील. तराजू, तापमापक, घड्याळं. त्यांना पुसत जा, त्यांच्या बॅटरीतलं पाणी गळू देऊ नका, त्यांची पुस्तिका टेबल पुसायला घेऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही. मी त्या अठरा दिवसांत एकदाही बिघडले नव्हते. मला फक्त योग्य जागी न्यायचं होतं. मंचासमोर, पाहुण्यांच्या पुढे, विकेटच्या रेषेत. मी हे कधी मोजलेलं नाही, पण वीस पावलं चालायला माणसाला पंधरा सेकंद लागत असतील.